बुढी मांजर, नवे नखरे!

रात्री दोन वाजता आरोळी. दिवसभर कूलरसमोर लोळण. रेतीचं घमेलं सोडून थेट पायपुसण्यावर कार्यक्रम. आणि कालपर्यंत मांडीवर घोरणारी मनी आज हात लावला की ‘फिस्स’! मूर्तिजापूरच्या कोणत्याही गल्लीत यावर निदान ठरलेलं: “वय झालं ना बाप्पा तिचं!” झालंच असेल, पण वय म्हणजे आजार नव्हे. म्हाताऱ्या मांजराच्या बहुतेक नखऱ्यांमागं धडधडीत कारण असतं, आणि त्यातल्या पुष्कळ कारणांवर इलाजही असतो. तर घ्या, मिशीवाल्या ज्येष्ठ नागरिकांच्या या चटपटीत गोष्टी.

१. मनीला एसटी फुकट

मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब विसरा. पहिल्याच वर्षात मांजर माणसाच्या १५ वर्षांएवढं होतं, दुसरं संपताना २४ चं, आणि तिथून पुढं दर वर्षाला चारची भर. म्हणजे १० वर्षांची मनी ५६ ची, १३ वर्षांची ६८ ची आणि १५ वर्षांची थेट ७६ ची. एसटीत ६५ च्या पुढं अर्धं तिकीट आणि २०२२ पासून ७५ च्या पुढं फुकट प्रवास. या हिशोबानं तेराव्या वर्षी मनी सवलतीत आणि पंधराव्या वर्षी फुकटात बसते. कंडक्टरला पटवणं मात्र तुमच्याकडं.

२. इंजिनाला डिझेल मिळालं, मनीला नाही

मूर्तिजापूर जंक्शनवरून यवतमाळ आणि अचलपूरकडं धावणारी नॅरोगेज शकुंतला आठवते ना? तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं, १९२३ मध्ये कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं. नोकरी ७१ वर्षांची. मांजराच्या मापानं ही झाली जेमतेम चौदा वर्षं. इंजिन थकलं तेव्हा त्याच्या जागी डिझेलचं आणता आलं. चौदा वर्षांच्या मनीच्या बाबतीत तोच जुना बॉयलर, तेच सांधे आणि तेच दिवे सांभाळून गाडी चालवायची असते. म्हणून पशुवैद्यांच्या लेखी १० वर्षांपुढचं मांजर ‘ज्येष्ठ’ ठरतं, आणि त्याची तपासणी वर्षातून दोनदा करावी असं ते सांगतात.

३. अडतीस वर्षं आणि तीन दिवस

जगातलं सर्वांत दीर्घायुषी मांजर म्हणून गिनेस बुकात नाव आहे अमेरिकेतल्या टेक्सासच्या ‘क्रीम पफ’चं. जन्म ३ ऑगस्ट १९६७, मृत्यू ६ ऑगस्ट २००५. माणसाच्या हिशोबात १६८ वर्षं! तिच्या मालकाच्या सांगण्यानुसार तिच्या खाण्यात अंडी, टर्की पक्ष्याचं बेकन, ब्रोकोली आणि साय घातलेली कॉफीही असे. हा आहार मनीवर करून पाहू नका. इंग्लंडची ‘फ्लॉसी’ २०२२ मध्ये २६ वर्षांची असताना जगातलं सर्वांत वयस्क हयात मांजर ठरली. तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं, दिसतही कमी होतं, तरी खाणंपिणं आणि लाड जोरात होते.

४. लंगडत नाही, म्हणून दुखत नाही?

अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा ९० मांजरांच्या सांध्यांत झीज सापडली. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी की मांजर कुत्र्यासारखं लंगडत नाही. ते फक्त हिशोब बदलतं. पूर्वी ओट्यावर एका उडीत जायचं, आता आधी स्टूल, मग खिडकी, मग ओटा. कवेलूंवरून शेजारी जाणं बंद. अंग चाटायला मान वळत नाही, म्हणून कमरेवरच्या केसांच्या गाठी होतात. खांब ओरबाडणं कमी झालं की नखं जाडजूड वाढतात आणि कधी कधी वळून गादीत, म्हणजे तिच्याच पंजाच्या गादीत, रुततात.

उपाय साधे आहेत. तिच्या आवडत्या खिडकीखाली तुरीचं किंवा सोयाबीनचं भरलेलं पोतं पायरीसारखं ठेवा. गुळगुळीत फरशीवर बारदाना अंथरा. नखं महिन्यातून एकदा बघा.

५. घमेल्याचा काठ आणि फिनाइलचा घोळ

“एवढी शहाणी मांजर, आता घरभर काऊन करून राह्यली?” बऱ्याचदा उत्तर घमेल्याच्या काठात असतं. सांधे दुखणाऱ्या मनीला तो चढणं म्हणजे तुम्हाला कमरेएवढी भिंत ओलांडणं. ज्याचा एक काठ अगदी बुटका आहे असा पसरट ट्रे ठेवा, रेती मऊ आणि बारीक घ्या, आणि घर मोठं असेल तर ट्रे दोन ठेवा. तरीही थांबलं नाही तर लघवी तपासून घ्या. मूत्रमार्गाची जळजळ आणि मधुमेह, दोन्हींची सुरुवात अशीच होते.

आणि पुसताना काय वापरता? फिनाइल! मांजराच्या यकृताला फिनॉलजातीय पदार्थ नीट निकाली काढता येत नाहीत. मनी ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि विष पोटात जातं. साबणाच्या पाण्यानं पुसा, साध्या पाण्यानं धुवा, वाळू द्या. अमोनियाचा वास असलेलं काही वापरलं तर तिला ती जागा हक्काची मोरीच वाटेल.

६. मध्यरात्रीची बांग

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं ‘म्याव’ करत नाहीत. हा आवाज ती मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवतात. तेव्हा रात्री दोनची आरोळी तुमच्यासाठीच आहे. कारणं मात्र अनेक: ऐकू येईनासं झालं की स्वतःचा आवाजही कळत नाही, म्हणून पट्टी वर जाते. थायरॉइड वाढला की अस्वस्थपणा येतो. रक्तदाब वाढतो. दुखतं. किंवा जाग येते आणि आपण नेमके कुठं आहोत तेच तिला उमगत नाही.

“काऊन वरडून राह्यली वं माय?” म्हणून उठून वाटीभर खाऊ दिलात, तर उद्याची वेळ पक्की झाली असं समजा. त्यापेक्षा झोपण्याआधी दहा मिनिटं तिच्याशी दोरी खेळा, मग जेवण द्या आणि वाटेवर झिरोचा बल्ब लावून ठेवा. आरोळ्या नव्यानंच सुरू झाल्या असतील तर आधी डॉक्टर.

७. मनीलाही विसर पडतो

११ ते १४ वर्षांच्या पाळीव मांजरांत चारांत एकीपेक्षा जास्त, आणि १५ वर्षांपुढं निम्म्याहून जास्त मांजरांत वागण्यातला किमान एक बदल म्हातारपणीच्या बुद्धिभ्रंशाशी जुळणारा असतो. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये २५ मेलेल्या मांजरांचे मेंदू तपासले. माणसाच्या अल्झायमरमध्ये साचतं तेच अमायलॉइड बीटा प्रथिन म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूपेशींच्या सांध्यांतही साचलेलं दिसलं. म्हणजे आजोबा चष्मा शोधतात आणि मनी दाराच्या बिजागरीकडं तोंड करून उभी राहते, या दोन्हींची मुळं जवळजवळची.

पशुवैद्य आठ खुणा बघतात. मोजून पाहा:

- विनाकारण ओरडणं, विशेषतः रात्री
- माणसांशी वागणं बदलणं: एकदम चिकटणं किंवा एकदम तुटणं
- झोपेची उलटापालट
- घरात घाण करणं
- ओळखीच्या घरात वाट चुकणं, कोपऱ्यात अडकणं
- हालचाल घटणं किंवा निरर्थक येरझारा
- उगाच घाबरणं
- शिकलेल्या सवयी विसरणं

यातली कोणतीही खूण दुसऱ्या आजाराचीही असू शकते. म्हणून बुद्धिभ्रंश हे निदान सगळ्यात शेवटी, बाकीचं सगळं तपासून झाल्यावर. तोवर घरातलं सामान हलवू नका. दिवाळीच्या साफसफाईत तिची वाटी आणि ट्रे जागच्या जागी राहू द्या.

८. खाते दाबून, वाळते झपाट्यानं

“भूक चांगली लागते, म्हणजे तब्येत ठणठणीत!” म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत हे वाक्य धोक्याचं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढली की मनी अधाशासारखी खाते आणि तरी वाळत जाते. पिल्लासारखी धावपळ करते, कधी ओकते, केस विस्कटलेले दिसतात. घरच्यांना वाटतं, पुन्हा तरुण झाली! हा आजार मांजरांत पहिल्यांदा नोंदवला गेला १९७९ मध्ये, न्यूयॉर्कला. आज तो म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या आजारांपैकी आहे. निदान रक्ताच्या तपासणीनं होतं आणि गोळ्यांनी तो आटोक्यातही राहतो.

वाळण्याचं आणखी एक कारण पोटात असतं. १२ वर्षांवरच्या साधारण एक तृतीयांश मांजरांना चरबी नीट पचत नाही, आणि १४ वर्षांवरच्या पाचांतल्या एकीला प्रथिनं. म्हणून “म्हातारी झाली, आता कमी द्या” हा सल्ला उलटा पडतो.

९. कूलरच्या टाकीतलं पाणी

आपल्या घरच्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. पाणी कमी, म्हणून मूत्र घट्ट करून पाणी वाचवणारे मूत्रपिंड. आयुष्यभर हे काम करून मूत्रपिंडच आधी थकतात: १० वर्षांवरच्या साधारण तीन मांजरांत एकीला त्याचा जुनाट आजार असतो. खूण अशी की मनी जास्त पाणी पिते आणि रेतीतले ओले गोळे मोठे होतात.

आता वऱ्हाडातली अडचण बघा. मे महिन्यात घरातला प्रत्येक जीव जास्त पाणी पितो, म्हणून मनी कूलरच्या टाकीत तोंड घालून बसली तरी कुणाला नवल वाटत नाही. आजार उन्हाळ्याआड लपतो. पोळ्यापर्यंत पावसानं हवा गार झाली आणि तरी ती तशीच पीत असेल, तर ते उन्हाळ्याचं नव्हे.

एक खुशखबरही आहे. जपानी शास्त्रज्ञ तोरू मियाझाकींनी १९९९ मध्ये ‘एआयएम’ नावाचं प्रथिन शोधलं. ते मूत्रपिंडातला कचरा काढायला मदत करतं, पण मांजरांत ते नीट सुटंच होत नाही. करोनाच्या काळात या संशोधनाचा पैसा आटल्याची बातमी २०२१ मध्ये छापून आली आणि जपानमधल्या मांजरवेड्यांनी काही आठवड्यांत जवळपास २० कोटी येन पाठवले!

१०. दूध-भाकरीचं कोडं

मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं त्याचं एक जनुक मोडलेलं आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. मग मनी श्रीखंडाच्या वाटीवर का तुटून पडते? साखरेसाठी नव्हे, चक्क्यातल्या स्निग्धासाठी. दुधाचंही तसंच: आवडतं खूप, पण मोठ्या मांजराला त्यातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं.

खरी गोम पुढं आहे. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं आणि ते मुख्यतः मांस-मासळीत मिळतं. ते कमी पडलं तर हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये कळलं. दृष्टीही जाते. मग शाकाहारी घरात दूध-भाकरीवर मनी इतकी वर्षं जगली कशी? वरकमाईवर! कोठीतले उंदीर, भिंतीवरच्या पाली, अंगणातल्या चिमण्या. म्हातारपणी शिकार सुटली की वरकमाई बंद आणि घरच्या पगारात टॉरिन नाही. तेव्हा तिच्या पेन्शनची सोय करा: उकडलेलं अंडं, मासळी, चिकन किंवा मांजरासाठी बनवलेलं तयार खाद्य. कांदा-लसूण मात्र अजिबात नको, त्यानं रक्तपेशी फुटतात. आणि ताटलीतलं अन्न किंचित कोमट करून द्या. नाक मंदावलेल्या मनीला वास आला तरच ती तोंड लावते.

शिकारीचा विषय निघालाच आहे तर विक्रमही ऐका. स्कॉटलंडच्या ग्लेनटरेट दारूभट्टीतल्या ‘टाउझर’च्या नावावर २८,८९९ उंदीर आहेत. ती जगलीही जवळपास २४ वर्षं. जिनिंगच्या गोदामातल्या बोक्यांनो, लागा कामाला.

११. आजीच्या डब्यातली गोळी

मांजराचा रक्तदाब वाढला की पहिली पसंती असते अॅम्लोडिपिनला. होय, आजीच्या डब्यातली तीच! थायरॉइडवरची गोळीही माणसांच्याच औषधांतली. पण मात्रा चिमूटभर असते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

याच डब्यात मनीचा काळही बसलाय. पॅरासिटॅमॉल, म्हणजे ताप-अंगदुखीची साधी गोळी. ती निकाली काढणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अगदीच तोकडी आहे. एकच गोळी जीव घेऊ शकते: रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड सुजतं. “थोडीशी तर दिली होती” हे वाक्य डॉक्टरांनी फार वेळा ऐकलेलं असतं.

डोळ्यांविषयी जाता जाता: बुबुळामागं निळसर धुकं दिसू लागलं तर बहुधा वयाचंच, नजर फारशी जात नाही. पण बाहुल्या अचानक मोठ्या आणि स्थिर झाल्या, मनी भिंतीला धडकू लागली, तर तो वाढलेला रक्तदाब असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१२. तोंड पाहून दुखणं ओळखा

मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. पण चेहरा चुगली करतो. माँट्रिअल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये त्यासाठी मोजपट्टीच तयार केली. पाच गोष्टी बघायच्या: कान बाहेर वळलेत का, डोळे आवळलेत का, तोंडाभोवती ताण आहे का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त आले तर दुखणं खरं. परीक्षेत मार्क जास्त पडल्याचं दुःख व्हावं अशी ही एकच परीक्षा. चिडकी झालेली मनी बऱ्याचदा दातांनी बेजार असते. घास तोंडातून सांडत असेल, एकाच बाजूनं चावत असेल, तर आधी तोंड बघा.

१३. पस्तीस अंशांत निवांत

३० ते ३८ अंशांत मांजराच्या शरीराला उष्णतेसाठी किंवा गारव्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. आपण घामाघूम, ती निवांत! म्हणून मनी जानेवारीत भाकरीच्या उबदार चुलीला चिकटते. म्हाताऱ्या, हडकुळ्या मांजराला थंडी तर जास्तच बोचते. तिच्यासाठी कापसाची जुनी गादी उत्तम.

पण अकोला जिल्ह्याचा मे या मापाच्याही बाहेर जातो. २०२४ च्या मे महिन्यात उन्हामुळं जिल्ह्यात जमावबंदी लावावी लागली होती. मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता. ते कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकू लागलं तर ती गंमत नव्हे, धोक्याची घंटा आहे. सावली, ओला टॉवेल, पाणी आणि लगेच डॉक्टर.

१४. पोत्यात घालून नदीपल्याड? गुन्हा आहे

म्हातारी, घाण करणारी मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून यायची, हा जुना ‘उपाय’. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. वाट चुकणाऱ्या मनीला तर परतही येता येत नाही.

आणि मूर्तिजापूरला हे सांगावं का लागावं? गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाकडं गुरं राखण्यात गेलं. १९२५ मध्ये त्यांनी मूर्तिजापुरात गोरक्षण उभं केलं, धर्मशाळाही बांधली. दूध आटलेल्या, कामातून गेलेल्या जनावराला दाणापाणी द्यायचं, हे इथं शंभर वर्षं चालत आलंय. त्या मानानं मनीला किती लागतं? एक कोपरा आणि दोन वाट्या.

१५. पत्ता: मूर्तिजापूर रोड, अकोला

तालुक्याच्या दवाखान्यात गाय-म्हैस-शेळीची रांग मोठी, मांजर क्वचित. रक्ततपासणीची सोय तिथं झाली नाही तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आहे. चाळीसेक किलोमीटरवर, आणि रस्त्याचं नाव चक्क मूर्तिजापूर रोड. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची संस्था. नेताना झाकणाची टोपली आठवडाभर आधीच घरात उघडी ठेवा, आत तिचं अंथरूण घाला. ऐनवेळी टोपली काढलीत तर मनी पलंगाखाली आणि तुमच्या हातावर ओरखडे.

१६. सगळ्यात स्वस्त तपासणी

महिन्यातून एकदा मनीला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. ४ किलोची मनी ३ किलो ६०० ग्रॅम झाली तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण ते दहा टक्के आहेत: ६० किलोच्या माणसाचे ६ किलो गेल्यासारखे. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा. रात्रीची आरोळी, चुकलेली उडी, जास्तीचं पाणी, तेही त्याच चौकोनात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न “कधीपासून?” हाच असतो. तेव्हा घरातल्या चौघांनी चार तारखा सांगण्यापेक्षा कॅलेंडरच सोबत न्या.